व्याह्यांचा कॅनडा

आमच्या व्याह्यांच्या मते जगात खरं गाणं एकाच देशात होतं, आणि तो देश म्हणजे कॅनडा. बाकी ठिकाणी लोक नुसतं तोंड उघडतात. हे त्यांनी मला पहिल्या आठवड्यात सांगितलं आणि पुढे रोज सांगितलं. माझी मुलगी वैशाली त्यांच्या मुलाला दिली आहे. घर शुगर लँडला, ह्यूस्टनच्या कडेला. नावात साखर आहे म्हणून पहिल्या दिवशी मी गाडीतून ऊस शोधत होते. दिसली ती नुसती घरं, सगळी एका साच्यातली, आणि प्रत्येक घरापुढे दोन-दोन गाड्या. उकाडा असा की बार्शीचा उन्हाळा परवडला, तो कोरडा तरी असतो. व्याही तिथे कायमचे राहायला आलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मी दोनदा जाऊन आले, एकदा दोन हजार चारला आणि एकदा सहाला, दर वेळी सहा महिने. म्हणजे एक वर्ष मी या माणसाबरोबर एका छपराखाली काढलं, आणि हा माणूस काय आहे हे मला शेवटच्या महिन्यात कळलं. पुरतं कळलं असं अजूनही म्हणवत नाही.

व्याही चंद्रपूरकडचे, कागदाच्या कारखान्यात इंजिनिअर होते. तरुणपणी कारखान्याने त्यांना काम शिकायला दीड वर्ष कॅनडात धाडलं होतं. एका गोऱ्या म्हातारीच्या घरात माडीवर खोली, बाहेर कमरेएवढा बर्फ आणि सोबतीला एक रेडिओ. त्या सुमारास तिथल्या सरकारने म्हणे कायदाच केला होता, की रेडिओवर ठरावीक गाणी आपल्याच देशाच्या माणसांची लावायची. नाहीतर शेजारची अमेरिका इतकी मोठी की दिवसभर तिचीच गाणी वाजणार आणि यांच्या गाणाऱ्यांना कोणी विचारणार नाही. हा कायदा मला पटला. घरात थोरली जाऊ दांडगी असली की धाकटीने चूल वेगळी मांडल्याशिवाय तिच्या हाताची चव कोणाला कळत नाही. मी हे व्याह्यांना बोलून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "म्हणून तर सांगतो विहीणबाई, कॅनडाच."

पण पुढचं मला कळेना. हे सगळे गाणारे कॅनडाचे, मग त्यातले इतके जण अमेरिकेत कसे राहतात? नाव झालं की इकडे येतात म्हणे. इथल्या लोकांना ते आपलेच वाटतात. बोलणं तेच, रंग तोच, कपडे तेच. मग कॅनडाचे म्हणजे नेमकं काय? नातीकडे पृथ्वीचा गोल होता, त्यावर मी बघितलं. अमेरिकेच्या डोक्यावर कोणी भलंमोठं गाठोडं ठेवावं तसा कॅनडा दिसला. मी म्हटलं, "एवढा देश, आणि गावं तर सगळी खालच्या काठाला. वरती माणसं काय करतात?" व्याही म्हणाले, "गातात."

गाणाऱ्यांची नावं माझ्या ध्यानात राहत नव्हती. मी चौथी शिकलेली. इंग्रजी नाव कानात शिरतं, पण जिभेपर्यंत येत नाही. म्हणून मी त्यांना माझी नावं दिली. एक होता खोकलेकर, त्याचा आवाज म्हणजे आठ दिवसांचा खोकला. एक बाई होती, तिचा आवाज इतका वर जायचा की पोळी लाटता लाटता मी छताकडे बघायची. ती माडीवरची. चार-पाच जणांचा एक ताफा होता, त्यांचा ढोल आधी यायचा आणि शब्द मागून, ते बँडवाले. आणि सगळ्यांच्या वर व्याह्यांचा लाडका, गिटार घेऊन एकटाच गाणारा, कॅसेटवरच्या फोटोत चौकटीचा शर्ट घातलेला. तो चौकटीवाला. सकाळी मी भाजी चिरायला बसले की व्याही बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून कॅसेट काढायचे, भिंत हलेल एवढ्या मोठ्याने लावायचे आणि ओळी-ओळीचा अर्थ मराठीत सांगायचे. कीर्तनकार बरे, ते मध्ये दम तरी खातात. अर्थ ऐकून ऐकून मी गाण्यांनाही नावं पाडली. एक ट्रकचं, त्यात माणूस ट्रक घेऊन निघतो आणि पोचतच नाही. एक उसन्या कोटाचं. एक नदी गोठते त्याचं. एक आईला फोन करायचा राहून जातो त्याचं. ते ऐकून मी विचारलं, "मग करत का नाही फोन?"

"विहीणबाई, ते गाणं आहे."

"गाणं असलं म्हणून काय झालं? ती माउली वाट बघत असेल."

व्याह्यांनी कॅसेट मागे फिरवली आणि तेच गाणं परत लावलं. तेव्हाही त्याने फोन केला नाही.

त्यांची टोपी सांगितली पाहिजे. लाल लोकरीची, दोन्ही कान झाकणारी, पुढे कॅनडाच्या झेंड्यावरचं ते झाडाचं पान विणलेलं. जून महिन्यात, जिथे कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, तिथे व्याही ती टोपी घालून टपाल आणायला फाटकापर्यंत जायचे. गाडीत बसले की तळहात दाराला चिकटवून बसायचे, दारात जिथे स्पीकर असतो तिथे. मला वाटायचं, दार उघडून पडू अशी भीती असेल. दुकानात गेलं की छतातून गाणी वाजत असतात. पहिल्या खेपेला नवीन गाणं सुरू झालं की व्याह्यांची ढकलगाडी जागच्या जागी थांबायची, बोट वर जायचं आणि साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असा पुकारा व्हायचा, "कॅनडा!" दुधाच्या डब्याला हात घालणारी बाई हात मागे घ्यायची. मग ते पैसे घेणाऱ्या पोरीला समजावून सांगायचे की आत्ता वाजलं तो माणूस तुमचा नाही. ती म्हणायची, "हॅव अ नाइस डे." दुसऱ्या खेपेला मात्र हे पुकारे बंद झाले होते. वैशाली म्हणाली, "बाबा जरा शांत झालेत, नाही गं?" मी म्हटलं, "वय झालं." नातीचं मत विचारलं तर ती म्हणाली, "आजी, आजोबा इज सो वीअर्ड."

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे... आजोबा," ती म्हणाली.

तिथल्या मराठी लोकांच्या गणपतीत एकदा त्यांना आरतीआधी दहा मिनिटं बोलायला दिली होती. विषय ठरला होता परदेशातले अनुभव. व्याही कॅनडाच्या रेडिओवर बोलले. माडीवरची झाली, खोकलेकर झाला, बँडवाले आले, मोदक गार झाले. शेवटी पुण्याच्या एका मुलाने हात वर करून विचारलं, "काका, पण हे सगळे राहतात अमेरिकेतच ना?" व्याही म्हणाले, "हो, बर्फ फार असतो." सगळे हसले. लोकांना वाटलं काय बेरकी उत्तर दिलं. मलाही तसंच वाटलं. पुढारी देतात तसं.

आता माझ्या रागाचं सांगते, कारण तोच खरा मुद्दा आहे. पहिल्या दिवशी विमानतळावर मी हात जोडून म्हटलं, "बरे आहात ना?" व्याह्यांनी माझ्या बॅगेकडे बघितलं आणि चालायला लागले. मी मनात गाठ मारली. मुलीची आई आहे, म्हणून हा तोरा. घरी रोज विचारायची, "चहा टाकू का?" कधी उत्तर यायचं, कधी नाही. दुसऱ्या खेपेला तर कधीच नाही. मी समोरून काही बोलले तर बघायचे, पाठीमागून बोलले तर भिंतीशी बोलल्यासारखं. वैशालीला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं आई, इथे कोण मानतं असलं? बाबा ॲब्सेंट-माइंडेड आहेत." मी म्हटलं, "मुलाच्या बापांचं लक्ष बरोबर मुलीच्या आईपुरतंच हरवतं." मग मी विचारणंच सोडलं. सकाळ-संध्याकाळ दोन चमचे साखरेचा कपभर चहा त्यांच्यापुढे आपटून ठेवायची. टेबलावर आपटला की लगेच वर बघायचे. मी म्हणायची, बघा, आपटल्याशिवाय कळत नाही असला हा माणूस.

व्याह्यांची आयुष्यात एकच इच्छा उरली होती. चौकटीवाल्याला एकदा समोर बसून ऐकायचं. कॅनडात असताना तो त्यांच्या गावी आला होता आणि व्याह्यांच्या खिशात तिकीटही होतं. पण नेमकं त्याच दिवशी दोन तासांवरच्या गावातून एका मराठी कुटुंबाचं बोलावणं आलं. त्या भागात तेवढं एकच मराठी घर. त्यांनी वरणभाताचा बेत केला होता, भारतातून आलेली तूरडाळ आणि घरी कढवलेलं तूप. व्याह्यांनी सात महिने वरण बघितलं नव्हतं. त्यांनी विचार केला, गाणारा काय, परत येईल, वरणाचं काही सांगता येत नाही. तिकीट कारखान्यातल्या कोणाला देऊन टाकलं आणि बसने जेवायला गेले. चौकटीवाला त्या गावी परत आला नाही. हे सांगून झालं की व्याही दर वेळी म्हणायचे, "वरणाला फोडणीसुद्धा नव्हती हो, विहीणबाई."

माझ्या दुसऱ्या खेपेच्या शेवटी शेवटी जावयांना कळलं की चौकटीवाला ह्यूस्टनला येतोय. तोही आता म्हातारा झाला होता, रविवारी दुपारी तीनचा कार्यक्रम. जावयांनी वडिलांसाठी आणि स्वतःसाठी दोन तिकिटं काढली. व्याह्यांनी तिकिटं देवापुढे ठेवली आणि आठ दिवस घरात कोणाशी वाद घातला नाही. आदल्या दिवशी जावयांना ऑफिसने तातडीने दुसऱ्या गावी पाठवलं. वैशालीला नातीच्या नाचाला हजर राहायचं होतं. ती म्हणाली, "आई, तूच जा ना त्यांच्याबरोबर. मी दारात सोडते, दारातून उचलते."

"मी? व्याह्यांबरोबर? गाण्याला? बार्शीत कळलं तर लोक काय म्हणतील?"

"बार्शीत कोण सांगणार आहे?"

"मीच सांगेन की," मी म्हटलं. पण गेले. एकट्या माणसाला सोडायचं नाही एवढंच डोक्यात होतं.

हॉलमध्ये सगळे गोरे म्हातारे-म्हाताऱ्या, काठ्या, चाकाच्या खुर्च्या. मला वाटलं दवाखान्यात आलो की काय. खुर्च्या मऊ, पायाखाली गालिचा. व्याह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि वर ती टोपी. पडदा वर गेला आणि चौकटीवाला आला. चौकटीत नव्हता, साधा काळा सदरा होता. गायला लागला आणि मला आधी ओळखूच येईना. आवाजाची पार चाळण झाली होती. जिथे कॅसेटमध्ये वर जायचा तिथे नुसता वारा यायचा. तरी लोक डोळे पुसत होते. व्याही तळहात खुर्चीच्या हातावर दाबून बसले होते, मग पुढच्या खुर्चीच्या पाठीवर, मग खाली वाकून गालिच्यावर. लोकांनी टाळ्या वाजवल्या की बघून वाजवायचे. लोक हसले की मागाहून हसायचे. तिसऱ्या गाण्याला ते माझ्याकडे वळले आणि हॉलभर ऐकू जाईल असे म्हणाले, "विहीणबाई, कोणतं चाललंय?"

पुढची बाई वळून ओठांवर बोट ठेवून बघायला लागली. मला वाटलं परीक्षा घेतायत. मी म्हटलं, "मला काय विचारता? तुम्ही सांगा." ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि त्यांना जमेल तेवढ्या हळू म्हणाले, "मला ऐकू येत नाही. डावा कान तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हाच गेला होता. उजवा गेल्या दिवाळीत, तुम्ही परत यायच्या आधी. दार हलतं, टेबल हलतं, त्यावरून गाणं ओळखतो. इथे काहीच हलत नाही. मुलाला सांगितलं असतं तर तिकीट काढलं नसतं. बहिऱ्याला कोण गाण्याला नेतं?"

खरं सांगायचं तर मला आधी रागच आला. एवढे कप मी आपटले, ते मग कोणावर? मनात गाठ मारून बसले, ती कोणाच्या नावाने? एवढा राग कुठे ठेवायचा हे मला कळेना. पण गाणं पुढे चाललं होतं, आणि हा माणूस तीस-बत्तीस वर्षांनी त्याच्यासमोर बसून रिकामा बसला होता. विमानातला फॉर्म भरायला मुलीने दिलेलं पेन पिशवीत होतं. दारात दिलेल्या कागदाच्या मागच्या बाजूला मी लिहिलं, "ट्रकचं."

व्याह्यांनी वाचलं आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांचे ओठ हलायला लागले आणि बोटं गुडघ्यावर पडायला लागली. मी स्टेजकडे बघितलं. ते दोन-चार शब्द मागे होते, पण रस्ता बरोबर होता. मग मी लिहीतच राहिले. माझं अक्षर पाटीवरचं, सावकाश. "उसन्या कोटाचं" लिहून होईपर्यंत कोट परत देऊन झाला होता. "नदी गोठते ते." "आईच्या फोनचं." त्यावर मी खाली लिहिलं, "अजून केला नाही." व्याही एकटेच मोठ्याने हसले आणि ती पुढची बाई पुन्हा वळली. ज्या गाण्यांनी वर्षभर माझी सकाळ खाल्ली, ती मला एवढी पाठ आहेत हे मलाच माहीत नव्हतं.

मग चौकटीवाला बरंच काही बोलला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि एक गाणं सुरू झालं. मी वाट बघितली. ट्रक नाही, कोट नाही, नदी नाही. व्याही कागदासाठी हात पुढे करून बसले होते. मी लिहिलं, "नवीन आहे. मला माहीत नाही." त्यांनी वाचलं. गुडघ्यावरची बोटं थांबली. बाकीची गाणी त्यांच्याजवळ होती, नाव कळलं की आतून लावता येत होती. हे कुठून लावणार? कागद माझ्याकडे परत देऊन ते म्हणाले, "कसं आहे?"

गाणं कसं आहे हे मला आयुष्यात कोणी विचारलं नव्हतं. मी लिहिलं, "हळू आहे. चढ लागल्यासारखं वर जातं. मध्ये थांबतं. मग खाली येतं. परत तेच." आणखी काय लिहावं सुचेना म्हणून लिहिलं, "माणसं रडतायत." व्याह्यांनी वळून माणसांकडे बघितलं, गाणं संपेपर्यंत बघत राहिले. त्या गाण्यातलं त्यांना तेवढंच मिळालं. कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला.

परतताना गाडीत वैशालीने विचारलं, "बाबा, कसा झाला प्रोग्रॅम?" मी त्यांच्या खांद्याला हात लावून तिच्याकडे बोट दाखवलं. व्याही म्हणाले, "आवाज अजून तस्सा आहे. रेडिओवर होता तसा." मी फाटक्या तोंडाची बाई, पण गप्प बसले. मी ऐकला तो आवाज संपलेला होता. त्यांनी ऐकला तो नसेलही संपलेला. दोघांतला खरा कोणता हे मी काय सांगणार.

गुपित मी आठ दिवस ठेवलं. मग एका सकाळी माझी फोडणी जळली, धूर झाला की किंचाळणारी डबी छताला किंचाळायला लागली, आणि व्याही तिच्याच खाली बसून पेपर वाचत राहिले. त्या दिवशी मी वैशालीला सगळं सांगितलं. व्याही रुसले. "तुम्ही सांगितलंत, विहीणबाई." मी त्यांच्या तोंडासमोर जाऊन म्हटलं, "सांगितलं. कार्यक्रम झाला ना? आता कानाला यंत्र लावा." यंत्र आलं. पहिल्या दिवशी त्यांना फ्रिज ऐकू आला आणि ते घाबरले. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "चहा टाकू का?" तर उत्तर आलं, "टाका, पण अर्धा कप. आणि साखर नको, मला साखर कधीच लागत नाही." वर्षभर हा माणूस माझा गोड चहा कपभर मुकाट्याने पीत होता. मी म्हटलं, "मग बोलायचं नाही का?" ते म्हणाले, "तुम्ही इतक्या रागाने ठेवायचात, हिंमत झाली नाही बाप्पा."

बोलणं यंत्रातून कळायला लागलं, गाणं मात्र नाही. गाणं म्हणजे पातेल्यात चमचा खरवडल्यासारखं येतं म्हणाले. जावयांनी त्या नवीन गाण्याची सीडी आणून दिली, तीही तशीच खरवडली. त्यांनी यंत्र काढून ठेवलं आणि कॅसेटचा डबा कपाटावर गेला.

आता मी बार्शीला आहे. फोनवर त्यांना नीट कळत नाही, म्हणून दोन महिन्यांतून एकदा पत्र येतं. नातीची शाळा, उकाडा, टोपीला कसर लागली, असलं काहीबाही. शेवटी दर वेळी एक ओळ असते, "ते नवीन गाणं आठवत असेल तर जसं आठवेल तसं लिहा." चाल कागदावर कशी लिहायची ते मला कोणी शिकवलेलं नाही. काम करताना पुटपुटून बघते. शेजारीण विचारते, "काकू, कुठली आरती हो?" हल्ली मला शंका येते की मी म्हणते ते त्याचंच आहे, की दोन वर्षांत माझ्याच तोंडात त्याचं दुसरं काही झालंय. विचारणार कोणाला? सीडी तिकडे, आणि वैशालीने फोनवर लावली तर तीही नुसती खरवडते. काल तांदूळ निवडताना ते वर गेलं, थांबलं, आणि थांबलंच. पुढचं काही केल्या येईना. मी सूप बाजूला ठेवलं. मग पत्रात तेवढंच लिहिलं, की वर जाऊन थांबलंय, खाली आलं की कळवते.